दुपारचं पाणी

सटवाजी मोटरीपाशी पडला तेव्हा उज्वला मोसंबीच्या आळ्यांतलं गवत काढत होती. बागेच्या त्या टोकाला मोटरीचा आवाज यायचा नाही. ठिबकची नळी हाताला ढिली लागली की समजायचं, म्हाताऱ्यानं बटण दाबून मोटर बंद केली. त्या दिवशी नळी ढिली झाली खरी, पण तिच्यातून फुसफुस हवा यायला लागली. विहिरीतलं पाणी संपलं होतं आणि मोटर कोरडी फिरत होती. उज्वलानं विळा टाकला आणि ती पळत सुटली.

सासरा पत्र्याच्या सावलीतून अर्धा बाहेर पडला होता. पाय उन्हात, डोकं मातीत, पटका सुटून लांब गेलेला. उज्वलानं आधी मोटर बंद केली आणि मग ती त्याच्याकडं वळली. कोणाच्या नजरेत आलं नाही, पण तिच्या स्वतःच्या आलं. अंगाला हात लावला तर तव्याला लावल्यासारखा पोळला. तिनं पदर भिजवून त्याच्या छातीवर पिळला, तोंडावर पाणी मारलं. बऱ्याच वेळानं त्यानं डोळे उघडले आणि पहिल्यांदा विचारलं ते हेच, की मोटर जळली का.

जळली नव्हती. पण मागच्या उन्हाळ्यात जळली होती. दुसरी मिळेपर्यंत पावसाळा उजाडला आणि वरच्या अंगाच्या दोन ओळी उभ्याच्या उभ्या वाळल्या. कंधारकडची ती डोंगराच्या पायाची जमीन, हातभर मातीखाली मुरूम. सोलरच्या प्लेटा आल्यापासून रात्रीच्या लाईटीचं जागरण गेलं होतं, पण विहिरीला पाझर किती, तो काही प्लेटांनी वाढत नव्हता. चैत लागला की अर्धा तास मोटर चालायची आणि तळ दिसायचा. मग दीड तास थांबायचं, झरे भरू द्यायचे, पुन्हा अर्धा तास. पेटीत मोटर आपोआप थांबायची सोय होती म्हणायचे, पण ती कधी लागू पडायची, कधी नाही. म्हणून सकाळी ऊन चढल्यापासून ते उतरेपर्यंत सटवाजी पत्र्याखाली बसून असायचा. सासू धोंडाबाई वारल्यापासून तर तो जेवायलाही घरी येत नसे, भाकर तिथंच.

कंधारच्या डॉक्टरानं सलाईन लावलं आणि उज्वलाला बाजूला घेऊन सांगितलं की म्हाताऱ्याला उन्हात बसवलं तर पुढच्या वेळी आणायची गरज पडणार नाही. एसटीत बसल्यावर सटवाजी पुटपुटत राहिला, बसायला काय ताकद लागते, बसूनच तर असतो.

उज्वलाचा नवरा हरिओम किनवटला निवासी शाळेच्या वसतिगृहात स्वयंपाकी होता. परीक्षा उरकेपर्यंत त्याला सुट्टी नव्हती. मुलगी राजकन्या शाळेसाठी औशाला मामाकडं. घरात माणसं दोनच. सासऱ्याला सावलीत बाजेवर बसवून उज्वला स्वतः मोटरीपाशी बसायला लागली. बसली की म्हैस तहानेली राहायची. म्हशीकडं गेली की मोटर हवा ओढायची. गवत तसंच, भाकरी अवेळी. चार-आठ दिवसांतच तिचं डोकं गरगरायला लागलं. फोनवर हरिओम म्हणाला की वसतिगृहाच्या टाकीला टायमर आहे, आपोआप चालू, आपोआप बंद. तसला बघ कुठं.

कंधारला टायमर मिळाला. दुकानदारानं रस्त्यावरच्या दिव्यांना बसवतात तसला दिला आणि म्हणाला, कोणत्याही मोटरीला चालतो. गावातला वायरमन शिवशंकर आला, त्यानं इकडची वायर तिकडं केली, आणि बटण दाबल्याबरोबर टायमरमधून जळका वास आला. नशीब म्हणायचं की सोलरची पेटी वाचली. शिवशंकरनं डोकं खाजवलं. हा टायमर घरच्या लाईटीवर चालणारा, प्लेटांचा करंट वेगळा, हे त्याला आत्ता सुचलं. कंधारच्या दुकानदारानं जळका माल परत घेतला नाही. गिऱ्हाइकांसमोर तो उज्वलाला म्हणाला, घरात गडीमाणूस असेल त्याला पाठवा, बायांना हे सांगून कळत नाही.

सोलरच्या कंपनीला फोन लावला. आधी गाणं वाजलं, मग एक दाबा, दोन दाबा. शेवटी जो बोलला त्यानं बजावलं की पेटी उघडली तर पुढं मोटर जळली तरी आमची जबाबदारी नाही.

मग ती नांदेडला गेली. पहाटे म्हैस पिळून, सासऱ्याच्या उशाशी भाकरी ठेवून. मोटरीच्या दुकानांतून बिजलीच्या दुकानांत, तिथून रेडिओ-मोबाईल दुरुस्तीच्या गल्लीत. प्रत्येक ठिकाणी तेच विचारायचं, सोलरच्या मोटरीला टायमर आहे का, आणि प्रत्येक ठिकाणी समोरच्यानं तिच्यामागं बघायचं, बरोबर कोण आहे म्हणून. एकानं विचारलं, किती व्होल्ट. तिला सांगता आलं नाही, तर तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला आणि पुन्हा वळलाच नाही. एकानं भलतीच मोठी पेटी दाखवली, मोबाईलवरून चालणारी. पण तिला रेंज लागणार, आणि विहिरीपाशी तर फोन कानाला लावून झाडावर चढावं लागायचं. दुपारी तिनं एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून भाकर खाल्ली. आतून कोणीतरी शटर वाजवून तिला उठवलं. परतीच्या एसटीत ती उभ्यानं आली, आणि घरी पोचली तर ठिबकच्या नळ्या दिवसभर कोरड्या. सासरा मात्र मोटरीपाशी गेला नव्हता. बाजेवरून उठलाच नव्हता, बाजेखालीच लघवी झाली होती, आणि तो तिच्याकडं न बघता भिंतीकडं बघत होता.

त्या रात्री तिनं भावाला फोन केला. औशाचा सुदाम द्राक्षवाल्यांकडं ठिबकची कामं करायचा. तो म्हणाला, लातूरला वीरेश म्हणून एक जण आहे, त्याच्याकडं ये. येताना पेटीच्या आतल्या वायरींचा फोटो काढून आण, बाहेरचा नको, आतला.

वीरेशचं दुकान बोळात होतं. त्यानं फोटो मोठा करून पाहिला आणि बोटानं खालची कडा दाखवली. मोठ्या वायरींना हातच लावायचा नाही. खाली दोन बारक्या वायरींची जागा आहे. टाकी भरली की मोटर थांबावी म्हणून कंपनीनंच ठेवलेली. त्या दोन वायरी जुळल्या की मोटर चालते, तुटल्या की थांबते. टायमरनं फक्त तेवढंच करायचं. टायमर स्वतः चालणार छोट्या बॅटरीवर. त्यानं काडेपेटीपेक्षा थोडा मोठा डबा समोर ठेवला. हिरवे आकडे, चार बटणं.

"लावून तर कोणीबी देईल," वीरेश म्हणाला. "पण विहिरीचं पाणी कमी-जास्त झालं की वेळा बदलाव्या लागतेत. कोण बदलणार?"

"मीच," उज्वला म्हणाली.

मग त्यानं तिला स्टूल दिलं. तिथंच काउंटरवर एक दिवा जोडून तिनं पुन्हा पुन्हा वेळ लावली, चुकली, पुसली, लावली. दिवा लागायचा, विझायचा. शेवटी शेवटी वीरेशकडं न बघता तिला जमायला लागलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कोणी तिच्यामागं बघितलं नव्हतं. तिला रडू आलं, पण गिऱ्हाइकं होती म्हणून तिनं पदरानं नाक पुसल्यासारखं केलं.

शिवशंकरनं टायमर बसवला त्या दिवशी सटवाजीही काठी टेकत विहिरीवर आला. सगळे पेटीकडं बघत उभे. कोणी हात लावला नाही आणि मोटर सुरू झाली. पाईप थरथरला, फिल्टर गुरगुरला, पाणी ओळीओळीनं पुढं गेलं. तळ दिसायच्या आत मोटर आपली आपण थांबली. सटवाजीनं पत्र्याखालची आपली पोत्याची बैठक गुंडाळली, काखेत मारली आणि घराकडं चालायला लागला.

पंधरवड्यात बागेनं मान वर केली. पानांचे वळलेले काठ उलगडले, बोराएवढी फळं लिंबाएवढी झाली. उज्वलाचं गवत उरकलं, म्हैस वेळेवर पिळली जायला लागली. त्याच सुमारास शेजारच्या शिवारात प्लेटांच्या वायरी चोरीला गेल्या, म्हणून तिनं पेटी आणि फिल्टर दोन्हींभोवती लोखंडी जाळी करून घेतली आणि कुलूप घातलं. किल्ली घरात, खुंटीला.

जाळी झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी सटवाजी पायताण घालायला लागला. उज्वलानं विचारलं, कुठं निघालात. दुपारी जरा जाऊन येतो, विहिरीकडं, म्हणाला. तिनं पायताण उचलून माळवदावर ठेवलं. डॉक्टरनं काय सांगितलं ते पुन्हा ऐकवलं. तो उंबऱ्यात थोडा वेळ उभा राहिला. विहिरीच्या वाटेकडं बघितलं आणि बाजेवर जाऊन बसला. पुढचे दोन-तीन दिवस दुपार झाली की तो उठायचा आणि बसायचा. नंतर उठायचा थांबला.

विहिरीपलीकडं ओढ्याच्या काठानं पाच-सात घरांची वस्ती होती. सगळी मजुरी करणारी. त्यांच्याकडं नळ होता, पण उन्हाळ्यात नळाला फक्त तोटी असायची. हातपंपही आटलेला. एका दुपारी उज्वलाला बागेतून दिसलं, वस्तीवरच्या बाया रिकाम्या घागरी घेऊन फिल्टरपाशी आल्या. जाळीभोवती फिरल्या, कुलूप हलवून पाहिलं, थोडा वेळ इकडंतिकडं बघत उभ्या राहिल्या आणि विहिरीच्या काठाकडं गेल्या. उज्वलानं मान खाली घातली आणि खुरपं चालू ठेवलं. मागच्या उन्हाळ्यात दोन ओळी वाळल्या तेव्हा तिनंच घरात बजावून सांगितलं होतं, की बागेबाहेर एक थेंब जाता कामा नये.

ज्या दुपारी आरडाओरडा झाला त्या दुपारीही ती बागेतच होती. ओरडत होती नीलम्मा, वस्तीवरची देगलूरकडची सून. काठावर वाकून, कडेवर तान्हं पोर, आणि तोंडातून निम्मं तेलुगू, निम्मं मराठी. उज्वलानं खाली पाहिलं. विहिरीच्या पायऱ्या अर्ध्यापर्यंतच बांधलेल्या होत्या, त्याखाली खडकातल्या खाचा. तळाशी डबक्याच्या कडेला नीलम्माची सासू साखराबाई पडली होती. एक पाय भलत्याच बाजूला वळलेला. घागर फुटलेली नव्हती, ती पाण्यावर तरंगत होती. आणि मोटर चालू होती.

झालं होतं असं. मोटर थांबलेली बघून म्हातारी उतरली. वाटीवाटीनं घागर भरायला तिला वेळ लागला. घागर भरत आली तोवर मोटरीची वेळ झाली. तिच्या हाताशीच असलेला पाईप झटका देऊन उसळला. ती दचकून मागं सरली ती शेवाळावर, आणि मग खडकावर.

मोटर बंद करायची तर जाळी उघडायला हवी आणि किल्ली घरी. उज्वला पळाली. ढेकळांतून, बांधावरून, पायात चप्पल नाही हेही कळलं नाही. घरात खुंटीवरची किल्ली ओढताना सटवाजीनं विचारलं, कोण पडलं. काय झालं असं त्यानं विचारलं नाही, कोण पडलं असं विचारलं. ती उलट पळाली. पोचेपर्यंत मोटर वेळेप्रमाणे बंद झाली होती. तरी तिनं कुलूप काढलं आणि बटण तोडल्यासारखं खाली ओढलं.

गड्यांनी बाजेला दोर बांधून साखराबाईला वर घेतलं. वर येईपर्यंत ती ओरडत होती. वर आल्यावर मात्र एकदम गप्प झाली आणि लुगडं गुडघ्याखाली ओढायला हात हलवत राहिली. उज्वलानं वाकून ते ओढून दिलं. नीलम्मानं तिचा हात बाजूला सारला आणि पुन्हा स्वतः नीट केलं.

कंधारहून नांदेडला नेलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, पण हाड जुळायच्या आत छातीत कफ भरला आणि साखराबाई तिकडंच गेली. वस्तीवर माती झाली त्या दिवशी उज्वला गेली होती, लांब बाभळीखाली उभी राहिली. कोणी ये म्हणालं नाही, कोणी जा म्हणालं नाही.

हरिओमचा फोन आला. तो म्हणाला, आपली विहीर, आपल्या रानात. कोणी न विचारता उतरलं त्याला आपण काय करणार. विहिरीलाच तारेचं कुंपण घालून टाक. ती हो-हो म्हणत राहिली. फोन ठेवला आणि सासऱ्यापुढं ताट ठेवलं. सटवाजीनं भाकरीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही.

"दुपारची एक पाळी त्येंची होती," तो म्हणाला. "मोटर सुरू केली की फिल्टरपाशचा कॉक सोडायचो. घागरी भरून व्हायच्या. मग झाडाला. टायमर लागल्यावर बाया आपल्या हातानंच सोडायच्या, जाळी लागेपर्यंत."

उज्वला चुलीपासून वळली. म्हणाली, "मला कामून सांगितलं न्हाई, मामा?"

"सांगितलं असतं तर तू हाव म्हणली असतीस?"

तिनं चुलीतलं लाकूड आत सारलं.

"आन तुला दिसत न्हवतं, असं बी न्हाई," सटवाजी म्हणाला. आवाजात राग नव्हता. "फिल्टरपाशी रोज चिखल असायचा. घागरींचे गोल उमटलेले असायचे. तू त्याच्यावरून जायचीस."

दिसत होते. ते गोल तिनं पाहिले होते. पाईप गळत असेल असं स्वतःला सांगून ती पुढं गेली होती, कारण विचारलं असतं तर थांबवावं लागलं असतं, आणि थांबवायला गेलं असतं तर त्या बायांच्या तोंडाकडं बघावं लागलं असतं. जाळी लागली तेव्हा तो चिखल वाळला. तेव्हाही तिला बरंच वाटलं होतं.

त्यानं ताट बाजूला सरकवलं. तिनं ते झाकून ठेवलं आणि स्वतःही जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं जाळीचं कुलूप काढलं ते पुन्हा लावलं नाही. सटवाजी बरोबर आला होता, तिनं अडवलं नाही. टायमरची बटणं दाबत ती त्याला विचारत गेली, बाया कामावरून कधी येतात, किती घागरी असतात, भरायला किती वेळ लागतो. तो सांगत गेला. दुपारची पाळी पुरती त्यांच्याकडं गेली. झरेही आटत चालले होते, आता झाडांना जे उरलं ते सगळ्या ओळींना पुरणारं नव्हतं. उन्हाळा अजून निम्मा होता. थोडंथोडं सगळ्यांना दिलं असतं तर सगळीच बाग अर्धमेली झाली असती. दोघांनाही ते कळत होतं.

पाणी तोडायच्या ओळी सटवाजीनं निवडल्या. खालच्या अंगाच्या, जिथं मुरूम वर आला होता त्या. ती झाडं त्यानं आणि धोंडाबाईनं लावली होती, पहारीनं खड्डे घेऊन, डोक्यावर गाळ वाहून. प्रत्येक ओळीच्या तोंडाशी तो वाकायचा, पण वाकून त्याच्या हाताला जोर येईना. मग कॉक उज्वला फिरवायची आणि तो काठीनं पुढची ओळ दाखवायचा. शेवटच्या ओळीपाशी तो एका झाडाच्या बुंध्याला हात लावून थोडा थांबला. तिला वाटलं, ही ठेव म्हणेल. तो म्हणाला, "बंद कर."

हरिओम सुट्टीवर आला तोवर त्या ओळींची पानं तांबूस झाली होती आणि हिरव्या फळांचा खाली सडा पडला होता. तो बागेतून एक चक्कर मारून आला. उज्वलाशी दोन दिवस बोलला नाही, बापाशीही नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं पडलेली फळं टोपल्यात गोळा करून उकिरड्यावर नेऊन टाकली आणि किनवटची गाडी धरली.

पहिल्या दुपारी कॉक सोडला तेव्हा कोणीच आलं नव्हतं. पाणी मातीत गेलं. दुसऱ्या दुपारी दोघी आल्या, लांबून बघत, घाबरत. मग हळूहळू सगळ्या. नीलम्मा सगळ्यांत शेवटी यायला लागली, तान्हं पोर पाठीला बांधून. घागर कॉकखाली धरताना तिची नजर पेटीवर असायची. मोटर सुरू झाली की तिचं अंग आखडायचं, थांबली तरीसुद्धा.

भरलेली घागर डोक्यावर घ्यायला दुसऱ्याचा हात लागतो. एका दुपारी नीलम्माची घागर भरली तेव्हा बाकीच्या बाया वाटेला लागल्या होत्या. उज्वलानं पुढं होऊन घागरीच्या काठाला हात घातला. नीलम्मा मागं सरली. तिनं घागर खाली ठेवली, तिच्यावर पदराचं टोक पसरलं आणि वस्तीकडं तोंड करून उभी राहिली.

उज्वलानं कॉक बंद केला. जावं की थांबावं, तिला ठरवता येईना. ऊन माथ्यावर होतं. पाठीवरचं पोर मान टाकून झोपलं होतं, त्याच्या कपाळावर घामाचे थेंब जमले होते. डोक्यावरची घागर घरी ठेवून दुसरी बाई परत येईपर्यंत नीलम्मा तशीच उभी राहिली, आणि हातभर अंतरावर उज्वलाही.